प्लेटिंगचं पाणी: क्रोम, सायनाइड आणि स्लज सांभाळायची रीत

टाकीतलं पाणी पिवळं दिसतंय तोवर नाल्याकडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. आमच्या शेडमधला हा पहिला नियम. नवा पोरगा कामाला आला की पंप, फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र), रजिस्टर हे सगळं नंतर, आधी मी त्याला तो पिवळा रंग दाखवते. पांढऱ्या बादलीत रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर वस्तू धुतलेलं, पाणी घेऊन उजेडात धरायचं. लिंबाच्या सालीइतका फिका पिवळेपणा असला तरी त्यात हेक्सा क्रोम, म्हणजे क्रोमचं जास्त विषारी रूप, आहे, आणि ते कर्करोगकारक आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूवर धातूचा थर चढवण्याच्या कामातल्या, सांडपाण्याचं काम बघते. हार्ड क्रोम, झिंक, थोडं निकेल. हे लिहितेय ते उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या छोट्या शॉपवाल्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या ऑपरेटरसाठी. मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात. चार टाक्यांच्या शॉपमध्ये मात्र प्लांट चालवणारा माणूस सकाळी जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेली वस्तू, घासत असतो आणि दुपारी चुना कालवत असतो. त्याला कुणी नीट बसून सांगत नाही की तो काय करतोय आणि का.

एक गोष्ट पक्की धरा. धातू नाहीसा होत नाही. क्रोम, निकेल, झिंक ही मूलद्रव्यं आहेत, ती सडत नाहीत, उकळून जात नाहीत. प्रक्रिया म्हणजे त्यांचं रूप बदलून त्यांना पाण्यातून घन मालात आणायचं आणि तो माल योग्य जागी पोचवायचा. यातला कुठलाही टप्पा गाळला, तर धातू शेवटी पंचगंगेतच जातो. आणि पंचगंगा आपल्यापाशी संपत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन ती शहराला वळसा घालते, पुढं इचलकरंजी, शिरोळ तालुका करत नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. खालच्या गावांतला ऊस त्याच पाण्यावर पिकतो आणि गुरंढोरंही तेच पाणी पितात.

पाणी वाढवून विष कमी होत नाही

हार्ड क्रोमच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीत, साधारण २५० ग्रॅम प्रति लिटर क्रोमिक ॲसिड असतं. त्यात धातू म्हणून क्रोम सुमारे १३० ग्रॅम. बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्सा क्रोमची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. आता हिशेब करा: जॉब टांगायच्या हँगरवरून ठिबकून गेलेला बाथचा एक लिटर नुसतं पाणी घालून मर्यादेत आणायचा, तर १३ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे १३० टँकर, एका लिटरसाठी. मालकांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते, कारण ‘ताई, पाणी थोडं जास्त सोडू की’ हे वाक्य प्रत्येक शॉपमध्ये ऐकायला मिळतं.

म्हणून सुरुवात प्लांटवर नाही, बाथच्या काठावर करायची. जॉब बाथमधून वर आला की हँगर बाथवरच १० ते १५ सेकंद धरायचा, निथळू द्यायचा. पीस रेटवर काम करणाऱ्याला ही वेळ जड जाते, म्हणून बाथच्या वर एक आडवा पाइप बांधा, हँगर त्यावर टांगायचा आणि पुढचा जॉब घ्यायचा. बाथ आणि रिन्स टाकीच्या मधल्या फटीवर पीव्हीसीची तिरकी पट्टी बसवा, उतार बाथकडे. ठिबकलेलं परत बाथमध्ये जातं आणि क्रोमिक ॲसिडचे पैसेही वाचतात.

बाथच्या लगेच पुढची पहिली टाकी वाहती ठेवू नका. ती साठवणीची रिन्स ठेवा. तिच्यात क्रोम साठत जातं, आणि हार्ड क्रोमचा बाथ ५०–५५ अंशावर चालत असल्यानं त्यातलं पाणी रोज उडतं. ती भर याच टाकीतल्या पाण्यानं करायची. पुढच्या दोन रिन्स टाक्या उलट्या प्रवाहाच्या ठेवायच्या: स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत येतं, तिथून ओसंडून आधीच्या टाकीत येतं, जॉब मात्र उलट दिशेनं पुढं जातो. एकाच टाकीत धो धो पाणी सोडण्याच्या मानानं पाणी कितीतरी कमी लागतं. पाणी कमी म्हणजे प्लांटची टाकी लहान, आणि प्रत्येक बॅचकडं लक्ष द्यायला वेळ मिळतो.

ओळी वेगळ्या ठेवा

सगळ्या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. क्रोमचं पाणी वेगळं, सायनाइडचं वेगळं, ॲसिड-अल्कलीचं आणि निकेल-झिंकचं वेगळं. तीन वेगळे पाइप, तीन वेगळ्या साठवण टाक्या. आमच्याकडं पाइपांना रंग दिलेत: क्रोमला पिवळा, सायनाइडला लाल, बाकीला निळा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंग कळतो.

कारणं सांगते. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये तो माणूस मारतो. सायनाइडमध्ये निकेल किंवा लोखंड मिसळलं की असं संयुग बनतं की ते हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट) सहज तुटत नाही. लोखंडाचं तर जवळजवळ तुटतच नाही. क्रोमच्या प्रक्रियेला आधी आम्ल पाणी लागतं, सायनाइडच्या प्रक्रियेला कडक अल्कली. एका टाकीत दोन्ही जमणारच नाही. आणि सायनाइडच्या प्रक्रियेतलं उरलेलं क्लोरीन निवळलेल्या ट्राय क्रोमला, म्हणजे क्रोमच्या कमी विषारी रूपाला, पुन्हा हेक्सा क्रोम करू शकतं, म्हणजे केलेलं काम उलटं फिरतं.

जुन्या शॉपमध्ये सगळ्या टाक्यांचं पाणी फरशीवरून एकाच गटारात जातं. तिथं प्रक्रिया सुधारण्याआधी फरशी फोडून नाल्या वेगळ्या काढा. खर्च होतो, पण याला पर्याय नाही. मी बरेच प्लांट पाहिलेत. त्यांतले बरेचसे रसायनं कमी पडली म्हणून बिघडले नव्हते, पाणी एकत्र आलं म्हणून बिघडले होते.

क्रोमची बॅच

छोट्या शॉपला सतत चालणारा प्लांट नको, बॅच पद्धत बरी. पाणी साठवा, एक टाकी भरली की प्रक्रिया करा, तपासा, मग सोडा. समजा हजार लिटर पाणी आहे आणि त्यात ५० मिलिग्रॅम प्रति लिटर हेक्सा क्रोम आहे. म्हणजे टाकीत ५० ग्रॅम क्रोम.

ढवळणी चालू करा. मग पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड थोडं थोडं सोडत पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) २ ते ३ च्या मध्ये आणा. पातळ करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. पीएच मीटर असेल तर रोज सकाळी बफरनं तपासून घ्या, नसेल तर पीएच पेपर चालतो, फक्त तो कोरड्या डबीत ठेवा. पावसाळ्यात दमट झालेला पेपर भलतंच दाखवतो.

आता सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे आपण म्हणतो ते मेटाबाय. हिशेबानं एक ग्रॅम हेक्सा क्रोमला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास लागतं, पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही थोडं खातो आणि पोत्यातला माल जुना असतो, म्हणून ५० ग्रॅमला २०० ग्रॅमपर्यंत तयारी ठेवा. सगळं एकदम टाकायचं नाही. आधी बादलीत विरघळवून घ्या, निम्मं सोडा, थांबा. आम्ल पाण्यात मेटाबाय पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो, घशात खवखव होते, डोळे चुरचुरतात. टाकीवर झाकण हवं, खिडकी उघडी हवी, आणि तोंड टाकीवर वाकवायचं नाही.

पाण्याकडं बघत राहा. आधी पिवळं, मग पिवळ्यात मळकट झाक येते, मग एका क्षणी पिवळा सुटतो आणि पाणी निळसर हिरवं दिसायला लागतं. आमच्याकडचे एक मामा या क्षणी हाक मारतात, ‘ताई, हिरवं झालं बघा.’ त्यांचा डोळा तयार आहे. तरी आम्ही नुसत्या डोळ्यावर जात नाही. ओआरपी मीटर (हा बदल पुरा झाला का ते व्होल्टेजवरून दाखवणारा) लावला असेल तर आकडा २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास येऊन स्थिर व्हायला हवा. त्यानंतरही अर्धा तास ढवळत ठेवायचं. घाईत इथंच चूक होते: वर हिरवं दिसतं, पण कोपऱ्यात न ढवळलेलं पाणी पिवळंच असतं.

मेटाबाय जास्तही टाकू नका. जास्तीचं मेटाबाय पुढं नाल्यातल्या पाण्याचा ऑक्सिजन ओढून घेतं. मासे त्यानंही मरतात.

पिकलिंगचं, म्हणजे लोखंडावरचा गंज काढायला वापरलेलं, ॲसिड क्रोमच्या टाकीत ओतायचा सल्ला काही जण देतात. त्यात फेरस लोखंड असतं आणि ते खरंच हेक्सा क्रोमला ट्राय क्रोम करतं, रसायनशास्त्रात खोट नाही. पण एका क्रोमला तीन लोखंड लागतात, आणि ते सगळं लोखंड पुढं स्लज (गाळ) होऊन बाहेर येतं. स्लज किलोवर पैसे देऊन पाठवायचा असतो. मेटाबायचे वाचलेले पैसे तिथं दामदुप्पट जातात. मी हे करत नाही.

चुना आणि जार टेस्ट

हिरवं झालेलं पाणी म्हणजे काम अर्धं झालं. क्रोम अजून पाण्यातच आहे, फक्त कमी विषारी रूपात. आता पीएच वर न्यायचा म्हणजे तो हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो.

विरी गेलेला चुना पाण्यात कालवून, जाळीतून गाळून वापरा. कॉस्टिक सोडा वापरायला सोपा आहे, पण त्याचा स्लज फुगीर होतो, बसायला वेळ घेतो, आणि हात जरा जास्त पडला की पीएच भसकन वर जातो. चुन्यानं स्लज जास्त निघतो हे खरं, पण तो जड असतो, लवकर बसतो आणि प्रेसमध्ये छान दाबला जातो. माझं मत चुन्याच्या बाजूनं आहे.

पीएच किती? इथं एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. क्रोम साधारण ८ ते ९ च्या मध्ये सगळ्यात चांगला बसतो आणि फार वर नेला तर परत विरघळू लागतो. झिंकला ९ ते ९.५ लागतो, ११ च्या पुढं तोही विरघळतो. निकेलला १० च्या वर जावं लागतं. म्हणून पुन्हा तेच, ओळी वेगळ्या असतील तर प्रत्येकाला त्याचा पीएच देता येतो. मिसळलेलं पाणी असेल तर तडजोड करावी लागते, आणि ती जार टेस्टनंच ठरवायची.

जार टेस्टला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पाच बरण्या घ्या, प्रत्येकीत एक लिटर मेटाबायनं हिरवं झालेलं पाणी. चुन्याच्या पाण्यानं पहिलीचा पीएच ८, दुसरीचा ८.५, मग ९, ९.५ आणि १०. एक मिनिट जोरात ढवळा, मग दहा मिनिटं अगदी हळू. अर्धा तास ठेवून द्या. वरचं पाणी कुठल्या बरणीत सगळ्यात नितळ आहे आणि स्लज कुठं घट्ट बसलाय ते बघा, दोन चांगल्या बरण्यांचं पाणी गाळून धातूसाठी तपासायला द्या. बाथचं रसायन बदललं, नवा ब्राइटनर (चकाकी आणणारं रसायन) आला, डिग्रीझिंगचा (तेलकटपणा काढायचा) साबण बदलला की ही टेस्ट परत करायची. काही ब्राइटनर आणि साबणांत ईडीटीएसारखी किंवा अमोनियासारखी द्रव्यं असतात, ती धातूला धरून ठेवतात आणि कितीही चुना घातला तरी खाली बसू देत नाहीत. पाणी नितळ दिसतं आणि रिपोर्टमध्ये निकेल जास्त येतं, ते बहुतेक यामुळंच. तसं दिसलं तर पुरवठादाराकडून घटकांचा कागद मागा आणि ते पाणी वेगळं काढा.

पॉलिइलेक्ट्रोलाइट (बारीक कण एकत्र आणणारी पावडर) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या मापानं भिजवा. पाणी फिरत असताना त्यात चिमटीनं भुरभुरवायचं, एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्या दिवसभर विरघळत नाहीत. हजार लिटरला हे द्रावण एक-दोन लिटर पुरतं. टाकल्यावर ढवळणी हळू करा. दूध फाटल्यासारखे कण एकत्र येताना दिसतील; जोरात ढवळलं तर ते तुटतात आणि परत नीट जुळत नाहीत. मग ढवळणी बंद, तासभर शांत ठेवायचं.

सोडण्याआधी

वरच्या नितळ पाण्याची हेक्सा क्रोमसाठी तपासणी जागेवरच करता येते. डायफेनिल कार्बाझाइड ॲसिटोनमध्ये विरघळवून तपकिरी बाटलीत, थंड जागी ठेवा. द्रावणाचा रंग बदलला की टाकून नवं करा. परीक्षानळीत गाळलेलं पाणी घ्या, सल्फ्युरिकचे दोन थेंब, मग हे द्रावण. हेक्सा क्रोम असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो. शेजारी एका नळीत साधं शुद्ध पाणी आणि एका नळीत ०.१ मिलिग्रॅमचं तयार द्रावण ठेवा, तिन्ही पांढऱ्या कागदासमोर धरा. आपली नळी ०.१ वालीपेक्षा गडद असेल तर टाकी सोडायची नाही, परत ॲसिडपासून सुरुवात.

बाकीच्या मर्यादा शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या: पीएच ६ ते ९, एकूण क्रोम २, निकेल ३, झिंक ५, तांबं ३, सायनाइड ०.२, तेल-ग्रीस १०, तरंगते कण १००. पीएच सोडला तर सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात यापेक्षा कडक आकडे असतील तर तेच धरायचे. निकेलसाठी पीएच १० च्या वर नेला असेल तर सोडण्याआधी ॲसिडनं खाली आणायला विसरू नका, पण आधी स्लज वेगळा करून. स्लजसकट पीएच उतरवला तर बसलेला धातू परत पाण्यात येतो.

सायनाइड

कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजार) आणि हुपरीच्या चांदीकामात, सोन्याच्या मुलाम्यात आणि काही झिंक बाथमध्ये अजून सायनाइड वापरलं जातं. हा भाग लिहिताना मी हात आखडता घेणार नाही.

सायनाइडची खोली वेगळी हवी आणि तिथं ॲसिडची बाटलीसुद्धा नसावी. एकट्या माणसानं तिथं काम करायचं नाही. कडू बदामाच्या वासावर विसंबू नका, काही माणसांना तो वास जन्मतःच येत नाही. बाथमध्ये पडलेले लोखंडी जॉब रोज चुंबकानं काढा, कारण विरघळलेलं लोखंड सायनाइडला अशी मिठी मारतं की ती पुढं हायपोला सुटत नाही. चांदीच्या रिन्समधली चांदी प्रक्रियेआधी विजेच्या सेलवर स्टीलच्या पत्र्यावर काढून घ्या. चांदीचे पैसे मिळतात आणि पुढचं काम हलकं होतं.

प्रक्रिया दोन टप्प्यांत होते. आधी कॉस्टिकनं पीएच १०.५ च्या वर न्या, आणि तिथं पोचल्याशिवाय हायपोचा थेंबही टाकू नका. कमी पीएचवर सायनोजन क्लोराइड नावाचा विषारी वायू साठतो. पीएच वर असला की सायनाइडचं सायनेट होतं, त्याला तासभर द्या. मग पीएच ८ ते ८.५ वर आणा, अगदी सावकाश, आणि तोही पहिला टप्पा पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच. परत हायपो द्या, म्हणजे सायनेट फुटून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतो. एक किलो सायनाइड पूर्ण फोडायला सुमारे ६.८ किलो क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं ताजं हायपो जवळजवळ ७० लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलेलं हायपो झपाट्यानं मरतं, म्हणून कॅन सावलीत ठेवा आणि थोडं थोडंच आणा. शेवटी स्टार्च-आयोडाइड पेपर बुडवा: निळा झाला तर क्लोरीन उरलंय, म्हणजे मात्रा पुरी पडली. ते जास्तीचं क्लोरीन घालवल्याशिवाय पाणी पुढं सोडायचं नाही.

दोन टाक्यांच्या छोट्या दुकानाला माझं सांगणं वेगळं आहे. हे स्वतः करू नका. वापरलेला बाथ आणि साठवणीची रिन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरा, लेबल लावा आणि परवानाधारक प्रकल्पाला द्या. माजघरात पोरंबाळं वावरतात आणि मागच्या खोलीत हायपो-सायनाइड चालतं, हे मला पटत नाही.

हवा

क्रोम बाथमधून बारीक धुकं उठतं. वर्षानुवर्षं ते नाकात गेलं की नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हातावर न भरणाऱ्या जखमा होतात. बाथच्या काठाला लागून खेचणारी डक्ट लावा, डोक्यावरचा पंखा उपयोगाचा नाही. तो धुकं माणसाच्या तोंडाजवळून वर नेतो. डक्टच्या पुढं पाण्याचा स्क्रबर (खेचलेलं धुकं पाण्यानं धुऊन काढणारा), आणि त्या स्क्रबरचं पाणी क्रोमच्या टाकीत. पिकलिंगच्या ॲसिड धुरासाठी स्क्रबरमध्ये कॉस्टिकचं पाणी चालतं. बाथवर तरंगते प्लास्टिक गोळे पसरले तरी धुकं बरंच दबतं.

स्लज, आणि आपला पावसाळा

फिल्टर प्रेसमधून निघालेला केक हाताला कोरडा लागला तरी त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. छपराखाली, पक्क्या फरशीवर पसरून तो वाळवला तर वजन खूप उतरतं आणि पाठवणीचा खर्चही. वाळवताना गळणारं पाणी परत क्रोमच्या टाकीत गेलं पाहिजे, म्हणून फरशीला उतार द्या.

भट्टीत भाजून वाळवू नका आणि वीटभट्टीवाल्याला अजिबात देऊ नका. आपल्या भागात भट्ट्या खूप, आणि ‘मातीत मिसळून टाकतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. चुना असलेला क्रोमचा स्लज हवेत तापला की ट्राय क्रोमचं परत हेक्सा क्रोम होतं. इतकं सगळं करून बांधलेलं विष परत मोकळं होतं, आणि या वेळी कुणाच्या तरी भिंतीत जातं.

साठवणीची खोली जोत्यावर हवी. कोल्हापुरात हे नुसतं कागदावर लिहून भागत नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, मग शेडचं काय सांगावं. स्लजच्या बॅगा पॅलेटवर ठेवा, बॅगेच्या आत प्लास्टिकचं अस्तर हवं, बांधलेली तोंडं वर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. आमच्याकडं ठरलंय: ३९ चा निरोप आला की सायनाइड, क्रोमिक ॲसिड आणि मेटाबाय वरच्या मजल्यावर, सायनाइड तिथंही ॲसिडपासून वेगळ्या खोलीत, ४३ ची वाट बघत बसायची नाही. मेटाबाय भिजलं की वायू सोडतं. हायपो आणि ॲसिड हलवताना एका गाडीवर ठेवू नका, सांडून एकत्र आले तर क्लोरीन सुटतो. बाथच्या टाक्या हलवता येत नाहीत, म्हणून पातळी काठापासून वीतभर खाली आणून झाकणं बांधून ठेवा. उपसलेलं कॅनमध्ये भरून वर न्या.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाळ्याआधी खोली रिकामी करणं. नियमानं घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मग वर्षातल्या पाठवण्यांपैकी एक मेच्या अखेरीस येईल असं वेळापत्रक बसवा.

कागद

कागदांचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण स्लज खरंच कुठं गेला हे त्यावरूनच कळतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत प्लेटिंगचा वापरलेला बाथ १२.३ मध्ये, प्रक्रियेतला रासायनिक स्लज ३५.३ मध्ये, रसायनांचे रिकामे बॅरल ३३.१ मध्ये आणि वापरलेलं तेल ५.१ मध्ये येतं. रिकामे कॅन भंगारवाल्याला देऊ नका, पुढं त्यात कुणी पिण्याचं पाणी भरतं. रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, वर्षाचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनच्या आत. बॅगेवर फॉर्म ८ चं लेबल: पिवळी चकचकीत पार्श्वभूमी, लाल अक्षरं, पाण्यानं न जाणारी शाई.

आमचा माल रांजणगावच्या सामायिक प्रकल्पात जातो. तिथं असा स्लज चुना-सिमेंटसारख्या द्रव्यांत घट्ट बांधतात, त्यातून धातू झिरपतो का ते तपासतात आणि मग प्लास्टिकच्या जाड अस्तराच्या सुरक्षित भूभरावात पुरतात. जळण्यासारखा तेलकट कचरा इन्सिनरेटरमध्ये जातो, तिथं दुसऱ्या कक्षात ११०० अंश तापमान ठेवावं लागतं. शेडमागं ड्रममध्ये तेलकट चिंध्या जाळणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडी निघताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा पाठवणीचा कागद), सात रंगांच्या प्रती. पांढरी मंडळाकडं, पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडं. गाडीचं वजन निघताना करा आणि पावती पिवळ्या प्रतीला टाचा. निम्म्या दरात नेतो म्हणणारा कुणी आला तर त्याच्याकडं आधी प्रकल्पाचं प्राधिकारपत्र आणि गाडीचा परवाना मागा. बहुतेक जण तिथूनच मागं फिरतात. माल पोचला की प्रकल्पाकडून निळी प्रत परत यायला हवी. ती आली की तिच्यावरचं वजन पिवळ्या प्रतीशी जुळवा आणि दोन्ही एकत्र फाइल करा. आली नाही, तर प्रकल्पाला फोन करून माल उतरल्याची तारीख आणि काट्याचा आकडा मागा. जुळत नसेल तर त्याच दिवशी मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा.